रोझेटा गावाजवळचं एलँड

गेल्या शनिवारी सकाळी मामाचा फोन आला. मामा राजापूर तालुक्यात राहतो आणि शक्यतो फोन करत नाही, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघून आधी पोटात धस्स झालं. पण प्रकरण वेगळंच होतं. घरामागच्या सड्यावर कुणी मंडळी मोजमापं घेऊन गेली होती. आमच्या सड्यावर एक मासा आहे. म्हणजे जांभ्यात कोरलेला, साधारण पुरुषभर लांब, आणि त्याच्या बाजूला काही चौकोन. लहानपणापासून आम्ही त्याला 'पांडवांचं' म्हणत आलो. आता त्याला कातळशिल्प म्हणतात.

मामा म्हणाला, "तू आफ्रिकेत होतास तेव्हा ती दगडावरची चित्रं बघून आलास ना? तिकडे जमिनीचं काय केलं रे त्यांनी?"

मी एकदम निरुत्तर! परत आल्यावर मी ऑफिसात, मित्रांत, नातेवाईकांत त्या चित्रांबद्दल भरपूर पकवलं होतं, पण जमिनीचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता. मामाला म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. आठवडा झाला. तर मंडळी, हा लेख म्हणजे त्या उत्तराची तयारी समजा.

काही वर्षांपूर्वी मी जोहान्सबर्गला ऑनसाईट होतो. तिथल्या एका लाँग वीकेंडला आम्ही तिघं गाडी काढून ड्रेकन्सबर्गला गेलो. झुलू भाषेत या पर्वताला 'उखाह्लाम्बा' म्हणतात, म्हणजे भाल्यांची रांग. लांबून पाहिलं आणि मला एकदम घाटमाथाच आठवला. तेच काळे सरळसोट कडे, त्याच आडव्या पायऱ्या. कारणही तेच आहे, तो बेसॉल्टच आहे. फक्त आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि हा अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या. उंचीत मात्र आपण फारच मागे. लेसोथोच्या हद्दीतलं थबाना न्टलेन्याना ३४८२ मीटर, आणि आपलं कळसूबाई १६४६!

गंमत अशी की बेसॉल्टच्या खाली तिथे पिवळसर वालुकाश्माचा थर आहे आणि तो पाण्या-वाऱ्याने आत झिजून कपारी तयार झाल्यात. आपल्याकडे बौद्ध भिक्षूंनी बेसॉल्ट फोडून लेणी कोरली, तिथल्या सान लोकांना कपारी आयत्या मिळाल्या आणि त्यांनी त्या रंगवल्या. (सान म्हणजे ज्यांना गोरे 'बुशमन' म्हणायचे ते शिकारी लोक. दोन्ही नावं बाहेरच्यांनी दिलेली, आणि दोन्हींना मूळचा अपमानाचा वास आहे. त्यातल्या त्यात बरं म्हणून 'सान' वापरतो.) युनेस्कोने २००० साली हा भाग जागतिक वारसा केला, तेव्हाच्या नोंदीत सुमारे ६०० जागा आणि ३५,००० चित्रं आहेत. २०१३ मध्ये लेसोथोचं सेहलाबाथेबे उद्यानही त्याला जोडलं गेलं.

आम्ही गेलो काम्बर्गला. हायवे सोडून आत वळायचं ते ज्या गावाशी, त्याचं नाव रोझेटा. हे नाव लक्षात ठेवा.

काम्बर्गच्या केंद्रातून स्थानिक गाईड घेतल्याशिवाय वर सोडत नाहीत. आमची गाईड खालच्या थेंडेले वस्तीतलीच एक पंचविशीची मुलगी होती. चढ सोपा आहे, जायला-यायला अडीच-तीन तास. पण माझं पोट ही ऑनसाईटची देणगी असल्यामुळे मी तीनदा बसलो. वर कुंपण, कुलूप. आणि आत गेम पास शेल्टर.

पहिल्यांदा काही कळत नाही. लालसर, पांढरट डाग दिसतात. मग डोळा सरावतो आणि एकामागोमाग एलँड दिसायला लागतात. एलँड म्हणजे आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं हरीण, आपल्या बैलाएवढं. पाठ गडद, पोट पांढरं, मान वळवलेली, आणि मधे कुठेही रेघ न ओढता एक रंग दुसऱ्यात विरघळवलेला. हे सगळं खडबडीत दगडावर. एका कोपऱ्यात ते प्रसिद्ध चित्र आहे. एक एलँड मरतंय. मान खाली गेलीय, अंगावरचे केस उभे राहिलेत, मागचे पाय एकमेकांत अडकलेत. त्याची शेपटी धरून एक माणूस उभा आहे, आणि त्या माणसाचेही पाय तसेच अडकलेत. नीट बघितलं तर त्याला पावलांऐवजी खूर आहेत.

आता हे काय आहे? फार वर्षं गोऱ्या अभ्यासकांचं उत्तर ठरलेलं होतं: रानटी लोकांनी शिकारीची चित्रं काढली, संपलं. या उत्तराला पहिला जोरदार धक्का दिला पॅट्रिशिया व्हिनिकोम्ब या बाईंनी. त्या याच पर्वताच्या पायथ्याशी वाढल्या होत्या. त्यांनी दीडशे जागांमधली आठ हजारांवर चित्रं मोजली, प्रत्येकाची नोंद केली आणि १९७६ साली पुस्तक काढलं. मोजल्यावर जे दिसलं ते साधं होतं. हे लोक जे जे खात होते त्याचं प्रमाण आणि जे रंगवत होते त्याचं प्रमाण जुळत नाही. कपारींमध्ये एलँडच एलँड. म्हणजे हा मेन्यूकार्ड नाही. (डेटा गोळा केल्याशिवाय थिअरी मांडणाऱ्या आमच्या आर्किटेक्ट मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

तशीच वेडी मेहनत हॅराल्ड पॅगर नावाच्या माणसाने उत्तरेकडच्या एन्डेडेमा दरीत केली. त्या काळी रंगीत फोटोंवर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून तो कृष्णधवल फोटो काढायचा, चित्राच्या मूळ मापाएवढे मोठे करायचा, ते पाठीवर घेऊन परत कपारीत चढायचा आणि मूळ चित्रासमोर बसून हाताने रंगवायचा. सुमारे ३९०० चित्रं! त्याचं पुस्तक १९७१ चं आहे.

पण अर्थ लागायला चावी लागते, आणि ती चावी गंमत म्हणजे शंभर वर्षं आधीच कुणीतरी ठेवून गेलं होतं. दोन ठिकाणी ठेवली होती.

एक ठिकाण लेसोथोचे डोंगर. १८७३ मध्ये जोसेफ ऑर्पेन नावाचा ब्रिटिश अधिकारी लांगालिबालेले या बंडखोर राजाला अडवण्याच्या मोहिमेवर डोंगरात निघाला. वाटाड्या म्हणून त्याला क्विंग नावाचा तरुण सान मिळाला. गोरा माणूस त्याने तोवर फक्त लढाईत पाहिलेला. ऑर्पेन रात्री शेकोटीशी बसून त्याला चित्रांबद्दल विचारायचा. हरणाचं डोकं असलेली माणसं कोण, असं विचारल्यावर क्विंगने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: ही माणसं मेलेली आहेत, आता नदीत राहतात, आणि नाचामुळे त्यांचं आणि एलँडांचं एकाच वेळी 'बिघडलं'. ऑर्पेनला हे डोक्यावरून गेलं, पण त्याने ते लिहून ठेवलं आणि १८७४ मध्ये छापलं. न कळलेली गोष्ट जशीच्या तशी लिहून ठेवणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरं ठिकाण केप टाऊन. विल्हेल्म ब्लीक हा जर्मन भाषापंडित आणि त्याची मेहुणी लूसी लॉइड यांनी १८७० पासून तिथल्या तुरुंगातले सान कैदी आपल्या घरी आणून ठेवले आणि त्यांच्याकडून 'क्साम' भाषा शिकायला सुरुवात केली. (खरं तर नावाच्या आधी एक क्लिक आहे. आपण हळहळताना 'च्च' करतो ना, अगदी तोच आवाज. म्हणजे आपल्याकडे जो आवाज भाषेत धरतच नाहीत तो त्यांच्याकडे व्यंजन आहे.) त्यातला काब्बो नावाचा म्हातारा शिक्षा संपल्यावरही राहिला. घरची ओढ असताना राहिला, कारण आपल्या लोकांच्या गोष्टी पुस्तकातून कळाव्यात असं त्याला वाटत होतं. ब्लीक १८७५ मध्ये गेला. लूसी लॉइड लिहीत राहिली. बारा हजारांवर पानं झाली! त्यातलं निवडक पुस्तकरूपाने यायला १९११ उजाडलं. आज क्साम भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही.

डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी या वह्या, क्विंगचं बोलणं आणि कालाहारीतल्या हयात सान लोकांचे नाच हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवले. कालाहारीत बायका टाळ्या वाजवत गातात, पुरुष रात्रभर गोल फिरत नाचतात आणि काहीजणांच्या अंगात येतं. ते वाकतात, थरथरतात, नाकातून रक्त येतं, कोसळतात. याला ते लोक 'मरणं' म्हणतात. त्या अवस्थेत ते आजार काढतात, पाऊस आणतात. विषारी बाण लागलेलं एलँडही तसंच वाकतं, थरथरतं, कोसळतं. मग गेम पासच्या त्या चित्रात दोघांचे पाय सारखे का अडकलेत ते कळतं. दोघंही मरतायत, आणि एकाची शक्ती दुसऱ्याकडे जातेय. लुईस-विल्यम्स यांनी या चित्राला दक्षिण आफ्रिकेच्या चित्रकलेचा रोझेटा स्टोन म्हटलं. आणि ते आहे रोझेटा गावच्या वरच्या बाजूला. असले योगायोग मी कथेत लिहिले असते तर तुम्हीच हसला असता.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, हेही सांगायला हवं. काहीजण म्हणतात की क्विंगचं बोलणं पुराणकथेबद्दल होतं, अंगात येण्याबद्दल नाही, आणि प्रत्येक चित्रावर एकच चावी चालवणं बरोबर नाही. मला यातलं शेवटचं वाक्य पटतं. पण त्या कोपऱ्यासमोर उभा असताना मला खंडोबाच्या जागरणात घुमणारी माणसं आठवली, आणि माझ्यापुरता निकाल लागला.

चित्रं किती जुनी? चित्रांवर जमलेल्या क्षारांच्या थरांवरून काही किमान तीनेक हजार वर्षांपूर्वीची ठरतात. आणि काहींत घोडे आणि बंदुका आहेत, म्हणजे ती एकोणिसाव्या शतकातली. ज्यांनी ती काढली ते त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. एका बाजूने वसाहतवाले आले, शिकार संपली, सान लोकांनी गुरं पळवायला सुरुवात केली, आणि मग त्यांचीच शिकार झाली. नाताळच्या इंग्रज सरकारने तर पायथ्याशी काळ्या शेतकऱ्यांच्या वस्त्या मुद्दाम बसवल्या, म्हणजे गुरं चोरणारे आणि गोरे यांच्यामध्ये एक भिंत तयार होईल. लांगालिबालेलेचे ह्लुबी लोक त्यातलेच. पुढे त्याच्याच बंडाच्या वेळी ७५ व्या पलटणीने जायंट्स कासलच्या चित्रं असलेल्या कपारीत तळ ठोकला आणि तिथल्या दगडावर '७५' कोरून ठेवलं. तो आकडा आजही दाखवतात. (हीच पलटण १८५७ ला दिल्लीच्या वेढ्यात होती. कुठून कुठे!)

मग 'सान संपले' असं पुस्तकांत लिहिलं गेलं. आणि इथे मामाचा प्रश्न सुरू होतो.

कारण ते पुरते संपले नव्हते. झुलू, सोथो, फुथी, म्पोंडोमिसे घरांत लग्न करून, त्यांची आडनावं आणि भाषा घेऊन ते राहिले. १९३० मध्ये लेसोथोत मॅपोटे नावाच्या म्हाताऱ्याने, तो फुथी राजा मोरोसीचा मुलगा, मॅरियन हाऊ या बाईंना चित्र काढून दाखवलं. लहानपणी सान सावत्रभावांबरोबर शिकला होता. त्याने मागितलं काय, तर उंच डोंगरातला चकचकीत लाल रंगाचा दगड आणि ताज्या मारलेल्या एलँडचं रक्त. एलँड मिळेना, तेव्हा बैलाच्या रक्तावर भागवलं. आणि १९८० च्या दशकात त्सोलोजवळच्या एका म्हाताऱ्या बाईने, तिचा बाप सान होता, अभ्यासकांना एका कपारीत नेऊन दाखवलं की नाचताना चित्रांकडे तोंड करायचं, आणि शक्ती हवी असेल तर चित्रावर हात ठेवायचा.

हात ठेवायचा! आमच्या गाईडने चढायच्या आधी पहिला नियम सांगितला होता, हात लावायचा नाही. दुसरा, पाणी उडवायचं नाही. लोक चित्र उठून दिसावं म्हणून पाणी, कधी कोल्ड्रिंकसुद्धा मारायचे आणि फोटो काढायचे. त्याने क्षार वर येतात आणि रंग जातो. तिसरा, आग नाही. आणि वैदू लोक औषधासाठी रंग खरवडून न्यायचे तेही आता बंद. प्रत्येक नियमाला शास्त्रीय कारण आहे, एकही चुकीचा नाही.

पण काम्बर्गच्या आसपास ड्यूमा कुळातली घरं आहेत, झुलू बोलणारी, जी आपली मुळं सान असल्याचं वर्णद्वेषाचं राज्य गेल्यानंतर उघड सांगायला लागली. त्याआधी ते सांगण्यात फक्त अपमान होता. २००० नंतर त्यांनी गेम पासला वर्षातून एकदा एलँडचा विधी सुरू केला. पूर्वजांना भेटायला जायचं, धूप जाळायचा. त्यासाठी त्यांना परवानगी काढावी लागते. एन्डुकुयाखे एन्डलोव्हू या पुरातत्त्वज्ञाने यावर २००९ मध्ये सरळ प्रश्न विचारला होता, की या जागांवर जाणं हा हक्क आहे की पात्रता. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्यांच्या आजोबांनी फाईल लिहिली त्यांना आज रीड परमिशन आहे, तीही अर्ज केल्यावर, आणि ॲडमिन तिसराच.

मी गाईडला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला पगार मिळतो तो चित्रं शाबूत आहेत म्हणून. आणि चित्रं शाबूत राहावीत असं खाली वस्तीत कुणाला वाटतं, तर मला पगार मिळतो म्हणून." मग हसली आणि म्हणाली, "पण माझी आजी असती तर तिने हात लावला असता."

खरं सांगायचं तर पाण्याचा नियम ऐकताना मी चपला बघत होतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी चार मित्रांना घेऊन मामाकडे गेलो होतो आणि तो मासा फोटोत नीट यावा म्हणून आम्ही त्याच्या रेघांत पांढऱ्या खडूची पूड भरली. डिजिटल कॅमेरा नवा होता. फोटो झकास आले. ऑर्कुटवर टाकले. मामाने बघितलं, काही बोलला नाही, संध्याकाळी एकटा बादली आणि खराटा घेऊन सड्यावर गेला. मला वाटलं, रागावला. तो धुवायला गेला होता. पण खराट्याने!

असो. आता उत्तर.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ च्या वारसा कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनं कुठलंही दगडावरचं चित्र किंवा कोरीव काम आपोआप संरक्षित आहे. यादीत नाव यावं लागत नाही. आणि त्याच्याभोवतीचा १० मीटरचा भागही. शेत खाजगी असलं तर जमीन शेतकऱ्याचीच राहते, चित्राला मात्र त्याने परवानगीशिवाय काही करायचं नाही. गेम पासची जमीन आधीपासून राखीव उद्यानात होती, म्हणून तिथे हा प्रश्नच आला नाही, वस्ती कुंपणाबाहेरच होती. आपल्याकडे केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम बंद आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने, हे कायद्यातच २०१० पासून आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, कशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू वगैरे, गोव्यातल्या फणसायमळसकट. मामाचा मासा कुठल्याच यादीत नाही. पण मामाला भीती १०० ची आहे.

मी कॅल्क्युलेटर काढला. एका बिंदूभोवती १० मीटर म्हणजे ३१४ चौरस मीटर, साधारण तीन गुंठे. १०० मीटर म्हणजे पावणेआठ एकर. मामाचा सडा, काजूची कलमं, गोठा आणि धाकट्या भावाच्या घराचा चौथरा सगळं मिळून पाच एकर आहे.

काल रात्री फोन करून सगळं सांगितलं. ड्यूमांचं, एलँडचं, गाईडच्या पगाराचं, तीन गुंठ्यांचं. मामाने मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाला, "तीन गुंठे मी आजच दिले असते. पण विचारतो कोण?"

मग म्हणाला की त्याने माशाभोवती जांभ्याचा गडगा घालायला घेतलाय, गुडघाभर, गुरं जाऊ नयेत म्हणून. मी म्हटलं, मामा, थांब जरा, दगड कुठून काढतोयस? आधी कुणा जाणकाराला विचारू, गडग्याखाली अजून काही कोरलेलं असेल तर?

"अरे, तेच बघतोय," तो म्हणाला. "उत्तरेच्या बाजूला माती सरकवली तर अजून एक शेपटी निघालीय. तू खडू न घेता ये."